समीकरणाची उजवी बाजू कोण वाचणार?

मंडळी, परीक्षेचा हंगाम आला की एक मेसेज आपल्या गावच्या सगळ्या ग्रुपांवर हमखास फिरतो. 'शाळेत केमिस्ट्रीची समीकरणं घोकली, आयुष्यात एकदा तरी कामाला आली का? त्यापेक्षा बँकेचा फॉर्म भरायला शिकवलं असतं तर बरं झालं असतं.' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. यंदाही फिरला. हसणाऱ्यांत एक माजी सरपंच होते, दोन गुरुजी होते आणि आमच्या पत्रकार बिरादरीतले चौघे होते.

म्हणून आज राजकारणावर लिहीत नाही, समीकरणावर लिहितो. लांब आहे. पण तुमच्या नळाच्या पाण्यापर्यंत आणि तुमच्या न्हाणीघरापर्यंत येणार आहे, तेव्हा वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या गावाला रासायनिक समीकरणाचे भाग वाचता येत नाहीत, त्या गावाला पाणी, धूर, सांडपाणी आणि मरण याबद्दल कुणीही काहीही सांगू शकतं. आणि सांगतातच. आपण माना डोलावतो, कारण 'ते केमिकलचं आहे, आपल्याला काय कळतंय' असं आपणच आपल्याला शाळेत असताना शिकवून घेतलंय.

मी केमिस्ट नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला साधा बातमीदार आहे. पण समीकरण वाचायला केमिस्ट व्हावं लागत नाही. सातबारा वाचायला कुठे वकील व्हावं लागतं? कोणत्या रकान्यात काय असतं हे कळलं की झालं. समीकरणालाही रकानेच असतात. बघू.

चुन्यापासून सुरुवात करू

पानटपरीवर मिळणारा चुना सगळ्यांना माहीत आहे. तो येतो चुनखडीपासून. भट्टीत चुनखडी भाजतात, कळीचा चुना मिळतो. समीकरण शब्दांत असं:

चुनखडी → कळीचा चुना + कार्बन डायऑक्साईड

बाणाच्या डावीकडे जे आहे ते अभिक्रियाकारक. म्हणजे आपण काय घातलं. उजवीकडे आहेत ती उत्पादितं. म्हणजे काय निघालं. मधला बाण 'बरोबर' असं म्हणत नाही, 'पासून तयार होतं' असं म्हणतो. बाणाच्या डोक्यावर अट लिहितात. इथे अट आहे उष्णता, भट्टी पेटलेली पाहिजे. प्रत्येक पदार्थाच्या पुढे कंसात त्याची अवस्था लिहितात, म्हणजे स्थायू, द्रव, वायू की पाण्यात विरघळलेला. वायू सुटून जात असेल तर त्याच्यापुढे वर जाणारा छोटा बाण काढतात आणि साका तळाला बसत असेल तर खाली जाणारा. आणि पदार्थाच्या आधी जो मोठा आकडा असतो तो सहगुणक, म्हणजे किती वाटे. झालं. एवढेच रकाने.

आता यातला खरा मुद्दा. १०० किलो शुद्ध चुनखडी पूर्ण भाजली तर कळीचा चुना मिळतो ५६ किलो. उरलेले ४४ किलो कुठे गेले? भट्टीवाल्याला विचारा, तो म्हणेल 'भाजताना वजन जळतं, साहेब.' वजन कधीच जळत नाही. ते ४४ किलो कार्बन डायऑक्साईड होऊन भट्टीच्या तोंडातून वर गेले. डोळ्यांना दिसले नाहीत म्हणून नाहीसे झाले नाहीत.

हे पहिल्यांदा काट्यावर तोलून जगाला पटवलं फ्रान्सच्या लॅव्हाझिएनं, अठराव्या शतकात. बंद भांड्यात पदार्थ तापवायचा, आधी तोलायचा, नंतर तोलायचा. हा माणूस पोटापाण्यासाठी सरकारी कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदार होता आणि त्याच पायी १७९४ साली क्रांतीत त्याचं डोकं उडवलं गेलं. हिशेबाची सवय मात्र त्यानं रसायनशास्त्राला कायमची लावली. जेवढं डावीकडून आत गेलं तेवढं उजवीकडे निघालं पाहिजे. जमाखर्च जुळलाच पाहिजे. 'समीकरण संतुलित करा' या एका मार्काच्या प्रश्नामागे एवढीच गोष्ट आहे: काहीही गायब होत नाही. कुणी गायब झालं म्हणत असेल तर तो उजवीकडची एक ओळ लपवतोय.

हे डोक्यात ठेवा आणि आता गावात फिरू.

पहिला थांबा: टीसीएलचं पोतं

कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. त्या विरलेल्या चुन्यावरून क्लोरीन वायू सोडला की ब्लीचिंग पावडर तयार होते. हीच आपली टीसीएल, ग्रामपंचायत विहिरीत आणि टाकीत टाकते ती. ताज्या चांगल्या पावडरीत कामाला येणारा क्लोरीन साधारण ३३ टक्के असतो. रोगजंतू मारायचं काम तो करतो. पांढरी भुकटी फक्त त्याला वाहून आणणारी गाडी आहे.

आता हे समीकरण वाचा:

ब्लीचिंग पावडर + हवेतला कार्बन डायऑक्साईड → चुनखडी + क्लोरीन (वायू, वर जाणारा बाण)

शाळेच्या पुस्तकात आहे हे. पोत्याचं तोंड उघडं राहिलं, खोलीत ओल असली, ऊन लागलं, की पावडरीतला क्लोरीन हळूहळू उडून जातो. त्या खोलीत शिरल्यावर नाकाला जो उग्र वास येतो ना, ते तुमचे पैसे उडून चाललेत. मागे काय उरतं? समीकरण सांगतं: चुनखडी. खडू.

पोतं तसंच जड लागतं. भुकटी तशीच पांढरी दिसते. शिपाई रोज नेमानं टाकतो आणि वहीत लिहितो 'टीसीएल टाकली'. खोटं लिहीत नाही बिचारा. पण पाण्यात पडतोय खडू. मग पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की ग्रामपंचायत म्हणते 'आम्ही रोज पावडर टाकत होतो', आणि आमची बातमी येते 'दूषित पाण्यामुळे साथ, उपाययोजना सुरू'. दोघांनीही समीकरणाची डावी बाजू सांगितली. काय घातलं ते. पावडरीत क्लोरीन उरला होता का, हे कुणी विचारलंच नाही.

एका गावात मी ही खोली बघितली. पोती भिंतीला टेकून, दोन फाटलेली, वर पत्र्यातून गळणारं पाणी. ग्रामसेवकांना विचारलं, 'भाऊसाहेब, याची तपासणी कधी केली?' ते म्हणाले, 'दादा, पावडर आहे ती, तिला काय तपासायचं? कालबाह्य व्हायला ती काय गोळी आहे?'

आहे. गोळीच आहे. टीसीएलचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत देऊन क्लोरीनचं प्रमाण काढून घेता येतं. आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन उरलाय का हे बघायला ओटी टेस्ट आहे: काचेच्या नळीत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला असावा असं भारतीय मानक सांगतं. आणि तो टाकीजवळच्या नळाला असून भागत नाही. शेवटच्या वस्तीच्या शेवटच्या नळाला पाहिजे.

ग्रामसभेत पावडर किती रुपयांची आणली यावर तासभर भांडण होतं. चांगलं आहे, व्हावं. पण त्या भांडणात एक जण तरी उठून विचारेल का, की आणलेल्या पावडरीत क्लोरीन किती टक्के होता आणि पोतं कुठे ठेवलंय? हा प्रश्न विचारायला दहावी पुरते. फक्त दहावीला समीकरण पाठ केलेलं नको, वाचलेलं पाहिजे.

दुसरा थांबा: 'आम्ही न्यूट्रलाइज करून सोडतो'

एमआयडीसीच्या बातम्या करताना हे वाक्य कानाला सवयीचं झालंय. सांडपाण्याबद्दल विचारलं की कारखान्याचे साहेब शांतपणे सांगतात, 'आमचं पाणी न्यूट्रल आहे. पीएच सात.' आणि बातमीदार वहीत लिहितो, 'प्रक्रिया करूनच सांडपाणी सोडले जाते, असे व्यवस्थापनाने सांगितले.' विषय संपला.

कसा संपला? हे समीकरण तर सगळ्यात सोपं:

आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी

न्यूट्रलाइज करणं म्हणजे आम्लात आम्लारी घालून दोघांचाही जोर मोडणं. जोर मोडला, पीएच सातवर आला, हे खरं. पण उजव्या बाजूला काय लिहिलंय? क्षार आणि पाणी. फक्त पाणी नव्हे. साडेछत्तीस किलो हायड्रोक्लोरिक आम्ल मारायला चाळीस किलो कॉस्टिक सोडा लागतो आणि त्यातून निघतं साडेअठ्ठावन्न किलो मीठ आणि अठरा किलो पाणी. बेरीज करून बघा, डावीकडे ७६.५, उजवीकडे ७६.५. हिशेब पैशापैशाला जुळतो.

मग ते साडेअठ्ठावन्न किलो मीठ गेलं कुठे? पाण्यात विरघळलेलं आहे. दिसत नाही. पीएचच्या कागदाला ते कळत नाही, कारण तो कागद आम्ल आहे की आम्लारी एवढंच सांगतो. मीठ बघायचं तर टीडीएस बघावा लागतो, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार. तेव्हा साहेबांनी पीएच सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला पाहिजे: 'साहेब, टीडीएस किती? आणि तयार झालेला क्षार कुठे जातो?'

इथे मी एका बाजूचं बोलत नाही. ओढ्याकाठची प्रत्येक पांढरी पडलेली जमीन कारखान्यामुळेच पडली असं नाही. उसाला मोकाट पाणी देऊन आणि निचरा न करून आपणही जमिनी क्षारपड केल्यात. पण म्हणूनच तर आकडे लागतात. कुठल्या क्षारामुळे, कुणाच्या, किती. आकडे नसले की उरतात ती मोर्चा आणि पाकिटं. दोन्ही आपण बघितलीत.

तिसरा थांबा: खालचा छोटा आकडा

दहावीच्या पोरांना समीकरण संतुलित करायला दिलं की एक चूक हमखास होते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं. हवेतला ऑक्सिजन जोडीनं असतो, पाण्यात मात्र एकटाच. डावीकडे दोन, उजवीकडे एक, हिशेब जुळेना. मग पोरगं काय करतं? एच२ओच्या शेवटी गुपचूप आणखी एक २ लिहितं. एच२ओ२. जुळलं!

जुळलं खरं, पण पाणी राहिलं नाही. एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साईड, जखम धुवायला आणि केसांचा रंग उडवायला वापरतात ते. सूत्रातला छोटा आकडा म्हणजे पदार्थाची ओळख. त्याला हात लावायचा नसतो. हिशेब जुळवायचा तो पुढच्या मोठ्या आकड्यानं: हायड्रोजनचे दोन वाटे, ऑक्सिजनचा एक, पाण्याचे दोन.

ही चूक पोरांचीच आहे असं समजू नका. बिल जुळत नाही म्हणून कामाचं नावच बदलणं, मुरूम टाकून खडी लिहिणं, हजेरीपटावर माणसं वाढवणं, हे सगळं छोटा आकडा बदलणंच आहे. पोराचा निदान एक मार्क तरी जातो.

चौथा थांबा: पुढचा मोठा आकडा आणि न्हाणीघर

आता त्या मोठ्या आकड्याकडे. शिकवणीतली पोरं म्हणतात हा आकडा 'मार्कांपुरता' असतो. थंडीच्या दिवसांतल्या बातम्या आठवा. गॅस गिझर लावून आंघोळीला गेलेली व्यक्ती बराच वेळ बाहेर आली नाही, दार तोडलं तर बेशुद्ध. कधी नवरा-बायको, कधी तरणीताठी पोरगी. बातमीचा मथळा ठरलेला, 'गिझरमधील गॅसने गुदमरून मृत्यू'. वाचणाऱ्याला वाटतं सिलिंडरचा गॅस गळाला असेल. मग तो नळीला साबणाचा फेस लावून गळती बघतो, सापडत नाही, निर्धास्त होतो आणि खिडकी बंद करून आंघोळीला जातो.

समीकरण वाचा. सिलिंडरमधल्या गॅसात प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेनचं घेऊ:

प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साईड + ४ पाणी

तो ५ बघा. एका वाट्याला पाच वाटे ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजन असतो पाचात एक. म्हणजे एका वाटा गॅसला जवळजवळ पंचवीस वाटे हवा. एवढीशी न्हाणी, दार बंद, खिडकीला थंडी वाजते म्हणून पोतं लावलेलं. गिझर आतली हवा ओढतोय. पाचाचे चार झाले, तीन झाले. गॅस जळायचा थांबत नाही, अर्धवट जळायला लागतो. मग उजव्या बाजूला कार्बन डायऑक्साईडबरोबर कार्बन मोनॉक्साईड यायला लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो ऑक्सिजनची जागा पकडून बसतो. माणसाला वाटतं दमलोय, चक्कर येतेय, जरा बसतो. बसतो तो उठत नाही.

गळती नसताना, नवा कोरा गिझर असताना हे होतं. कारण चूक नळीत नाही, त्या ५ च्या आकड्यात आहे. उपाय महाग नाही: गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर लावायचा आणि न्हाणीला हवा खेळती ठेवायची. सहगुणक म्हणजे काय, तर न्हाणीचा झरोका. हे असं शिकवलं असतं तर कुठल्या पोराच्या लक्षात राहिलं नसतं?

जाता जाता घरातलंच आणखी एक. संडास चकचकीत व्हावा म्हणून काही जण टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच दोन्ही एकदम टाकतात. क्लीनरमध्ये बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. आम्ल आणि ब्लीच भेटले की उजव्या बाजूला वर जाणाऱ्या बाणासकट क्लोरीन येतो. पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये सोडलेला तोच वायू. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगली होते, हे समीकरणाला मान्य नाही. घरी सांगा, आणि जी ताई तुमच्याकडे धुणीभांडी करते तिलाही सांगा. बादली तिच्या हातात असते.

पाचवा थांबा: बाणावरची अट

आता भोपाळ. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाईडच्या कारखान्यात ६१० नंबरच्या टाकीत मिथाइल आयसोसायनेट भरलेलं होतं, चाळीस टनांच्या आसपास. त्यात पाणी शिरलं. समीकरण एका ओळीचं:

मिथाइल आयसोसायनेट + पाणी → मिथाइल अमाइन + कार्बन डायऑक्साईड + उष्णता

डावीकडे पाणी, आपलं साधं पाणी. उजवीकडे शेवटी बघा: वायू आणि उष्णता. बंद टाकीत वायू तयार झाला म्हणजे दाब वाढणार. उष्णता तयार झाली म्हणजे अभिक्रिया आणखी जोरात चालणार, आणखी उष्णता, आणखी दाब. म्हणून हा पदार्थ थंड ठेवायचा असतो. तिथली थंड ठेवणारी यंत्रणा महिन्यांपासून बंद होती. सुटलेला वायू धुऊन काढणारी यंत्रणा चालू नव्हती. तो जाळून टाकणारा मनोरा पाइप काढून ठेवल्यामुळे जोडलेलाच नव्हता. बाणाच्या वर जी अट लिहायची असते ती कारखान्यानं खर्च वाचवायला पुसून टाकली होती. हजारो माणसं झोपेत आणि पळता पळता गेली. आणि दवाखान्यांत डॉक्टर वाद घालत होते की सुटलंय नक्की काय आणि त्यावर औषध कोणतं. उजवी बाजू कुणी सांगितलीच नव्हती.

आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी या गोष्टीत एक माणूस फार महत्त्वाचा आहे. राजकुमार केसवानी. भोपाळमध्ये 'रपट' नावाचं छोटं साप्ताहिक चालवायचे. १९८१ च्या डिसेंबरात त्याच कारखान्यात फॉस्जीनच्या गळतीनं एक कामगार गेला, तेव्हा त्यांनी ती बातमी 'अपघाती मृत्यू' म्हणून सोडली नाही. हा वायू काय असतो, कशापासून होतो, हवेपेक्षा जड आहे की हलका, हे शोधत बसले. आणि १९८२ पासून लिहायला लागले की हे शहर धोक्यात आहे. १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता'तही लिहिलं. कुणी ऐकलं नाही. सहा महिन्यांनी ती रात्र आली.

छोट्या पेपरचा माणूस. हाताशी फार काही नव्हतं. त्यानं फक्त विचारलं की या कारखान्यात काय जातं, काय तयार होतं आणि ते सुटलं तर काय होईल. म्हणजे अभिक्रियाकारक, उत्पादित आणि अट. आज आपल्याकडे कारखान्यात स्फोट झाला की अर्ध्या तासात स्क्रीनवर 'बॉयलरचा भीषण स्फोट' असा पट्टा फिरतो. बॉयलर असो, रिअ‍ॅक्टर असो, ड्रम असो. आत काय तापत होतं, हे दुसऱ्या दिवशीही कुठे छापून येत नाही. तिसऱ्या दिवशी मदतीचे धनादेश वाटतानाचा फोटो येतो.

मग शाळेत काय चाललंय?

शाळेत 'हमखास येणारी २५ समीकरणे' असा झेरॉक्सचा कागद चाललाय. शिकवणीवाले वाटतात, शाळाही वाटते. पोरं ती मंत्रासारखी पाठ करतात. अर्थ न कळता, चाल न चुकता. पेपर सुटला की कागद रस्त्यावर उडतो.

कित्येक शाळांत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेली खोली. तपासणी आली की उघडते. परीक्षानळ्यांवर धूळ. प्रयोगवहीत मात्र सगळे प्रयोग सुबक अक्षरात झालेले, निरीक्षणांसकट, एकाच्या वहीवरून चाळीस जणांनी उतरवलेले. न केलेल्या प्रयोगाचं निरीक्षण लिहायला आपण पोरांना चौदाव्या-पंधराव्या वर्षी शिकवतो, आणि मग पुढे जाऊन त्यांनी न झालेल्या कामाचं मोजमाप पुस्तक भरलं की आश्चर्य करतो.

गुरुजींची बाजू मला माहीत आहे. निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, एका वर्गात साठ पोरं. विज्ञानाचा शिक्षक महिनोन्‌महिने नसतो, गणिताचे सर वेळ निभावतात. या सगळ्याला शासन जबाबदार आहे आणि त्यावर मी वेगळं लिहिलंय, पुन्हा लिहीन. पण जो प्रयोग दहा रुपयांत होतो तो न करायला शासनाची परवानगी आडवी येत नाही. टपरीवरून चुन्याची पुडी आणा. ग्लासभर पाण्यात कालवा, रात्रभर ठेवा, वरची नितळ निवळी अलगद दुसऱ्या ग्लासात घ्या. त्यात नळीनं फुंकर मारा. फुंकायचं फक्त, ओढायचं नाही. पाणी दुधासारखं पांढरं होतं. तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड आणि चुना मिळून चुनखडी झाली, जी भट्टीत भाजून आपण सुरुवात केली होती तीच. समीकरणाची डावी बाजू तुमच्या तोंडातून आली आणि उजवी बाजू ग्लासात दिसतेय. ज्या पोरानं हे एकदा केलं त्याला 'अवक्षेप म्हणजे काय' हे पाठ करावं लागत नाही.

काही जण म्हणतील, सगळ्यांना कशाला केमिस्ट्री? तज्ज्ञ आहेत ना. आहेत. प्रदूषण मंडळात आहेत, कारखान्यात आहेत, पाणीपुरवठ्यात आहेत. पण तज्ज्ञ उत्तरं देतो ती विचारलेल्या प्रश्नांची. प्रश्नच विचारला नाही तर त्याची फाइल बंदच राहते. आणि तज्ज्ञाचा पगार कोण देतो हेही बघायचं असतं. बँकेचा फॉर्म भरायला बँकेतला माणूस मदत करतो हो. बंद न्हाणीत चक्कर आली तर मदतीला कुणी नसतं.

मागण्या

नुसतं रडून उपयोग नाही. चार गोष्टी मागतोय. चारही आपल्या तालुक्यात, याच वर्षी होऊ शकतात.

१. प्रत्येक ग्रामपंचायतीनं टीसीएलच्या पोत्यांची खरेदी तारीख, प्रयोगशाळेत तपासलेलं क्लोरीनचं प्रमाण आणि शेवटच्या नळाच्या ओटी टेस्टचा निकाल फलकावर लावावा. नगरपालिकेनंही. पोती कोरड्या, सावलीच्या जागी, तोंड बांधून.

२. कारखान्यांनी गेटवरच्या फलकावर सांडपाण्याचा नुसता पीएच नको, टीडीएसही लिहावा. आत कोणते धोकादायक पदार्थ साठवलेत आणि ते पाण्याशी, आगीशी भेटले तर काय सुटतं, हे मराठीत लिहावं. अग्निशमनाच्या पोरांना आणि शेजारच्या वस्तीला ते वाचता आलं पाहिजे.

३. शाळांनी प्रयोगशाळेचं कुलूप काढावं. शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत त्यांनी पुढच्या सभेत एकच प्रश्न विचारावा: 'या वर्षी पोरांनी स्वतःच्या हातानं किती प्रयोग केले?' आणि वही दाखवली तर म्हणावं, वही नको, पोराला बोलवा.

४. आम्हा पत्रकारांनी 'प्रक्रिया करून सोडले', 'केमिकलचा वास', 'गॅसने गुदमरून' अशी वाक्यं उजव्या बाजूशिवाय छापू नयेत. कोणता वायू, कशापासून, किती. माहीत नसेल तर विचारावं. सांगत नसतील तर 'विचारलं, सांगितलं नाही' असं छापावं. तीही बातमीच असते.

पहिल्या मागणीसाठी मी या महिन्यात आसपासच्या ग्रामपंचायतींत माहिती अधिकाराचे अर्ज टाकतोय. टीसीएलची खरेदी, साठवण, तपासणी. उत्तरं येतील तशी इथेच टाकीन, नावानिशी. ज्यांना स्वतःच्या गावासाठी अर्ज करायचाय त्यांनी इनबॉक्समध्ये या, मजकूर देतो, दहा रुपयांचं तिकीट तुमचं.

आणि तो मेसेज पुन्हा तुमच्या ग्रुपवर आला, 'समीकरणं कामाला आली का' असं विचारणारा, तर हसू नका. त्याला विचारा, तुझ्या गावच्या टीसीएलच्या पोत्याचं तोंड बांधलेलं आहे की उघडं?

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली कमेंटमध्ये भांडा, पण आकडे घेऊन या.